गणूकाकांचं ऊन

ऊन असेपर्यंत गणूकाका घर सोडत नाहीत. सख्ख्या भाच्याच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि न जेवताच कडावला घरी पळत आले. कारण गच्चीवर त्यांचे सोलरचे पॅनल होते आणि सूर्य सरकला होता. पॅनलची तोंडं त्याच्याकडं वळवायला हवी होती. "जेवण काय, रात्रीपण मिळतं," म्हणाले. "ऊन फुकट चाललंय रं!"

मी त्यांचा भाडेकरू. गाव हिंगोलीकडचं, शाळा सातवीत सुटली, आता इथं जवळच कळंबच्या एका रिसॉर्टवर बागेचं काम करतो. काका मला नावानं नाही, जिल्ह्यानं हाक मारतात. "ए हिंगोली, शिडी धर!" ओळखपाळख नसताना त्यांनी खोली दिली, तापानं पडलो तेव्हा पेज करून पाजली. म्हणून मी लगेच धावतो, आणि धावताना धाकधूकही असते. आपल्या हातून एखादी काच फुटली, तर परक्या गावात दुसरं दार कोण उघडणार?

हे पॅनल दुकानातले नाहीत. निळ्या, पापडासारख्या पातळ चकत्या कुठून कुठून आणून काका ओटीवर बसून सोल्डरनं जोडतात. वर मोडक्या शोकेसची काच. जोडताना श्वाससुद्धा जपून घेतात. मला विचारतात, "शिंक येणार हाय का तुला? मग आधीच बाहेर जा." त्यांनी विचारलं की मला हमखास शिंक येते.

बॅटरी कधीच बसलेली. त्यामुळं ऊन पडलं की पंखा फिरतो, ढग आला की थांबतो. "त्यालापण दम खाऊ दे," काका सूर्याची बाजू घेतात.

यंदा मात्र पंख्यावर बरंच काही अवलंबून होतं. काकांची लेक सुशीताई पनवेलला दिलेली, पहिलटकरीण. काकी आता नाहीत, तरी पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं हा काकांचा हट्ट. सासूबाई म्हणायच्या, मे महिन्यात दुपारी तिकडं लाइट जाते, पोर राहणार कशी? जावयानं इन्व्हर्टर देऊ केला, तर काका उसळले. "माझ्या घरात माझी लेक जावयाच्या पंख्याखाली झोपंल?" शेवटी ठरलं, सुशीताईनं एक दुपार येऊन बघावं. झोप लागली तर राहावं, नाही तर संध्याकाळी परत.

त्या रविवारी जेवणं झाली आणि लाइट गेली. लाइट गेल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता. काकांनी वायर जोडली, पंखा भिरभिरला, सुशीताई आडवी झाली. डोळा लागतोय तोच पंखा बसला.

काका शिडीवर, मागं मी. वर शेजारच्या हिराकाकी. गच्चीला गच्ची लागून, तिकडं त्यांचे पापड वाळत होते. आणि आमचे पॅनल सगळे पालथे.

"अगं बाय, काय केलंस हे?"

"एक बाजू चांगली कडकडीत झाली व्हती. म्हटलं, आपले उलटतेय तर भावजींचेपण उलटू."

"हे पापड हायेत काय?"

"मग रोज वर येऊन परतता कशाला?"

आम्ही पॅनल सरळ केले, खाली पंखा सुरू झाला. काकांनी मला उतरवलं आणि स्वतः डोक्याला पंचा गुंडाळून तिथंच राखणीला बसले. लेक कधी नव्हे ती घरी आलेली, आणि हे गच्चीवर! मध्येच कठड्यावरून दबक्या आवाजात विचारायचे, "हिंगोली, फिरतोय ना? झोपली ना?" मी अंगणातून मान हलवायचो. पाणी नेलं तर बाजूला होऊन प्यायले, काचेवर सावली नको म्हणून.

उन्हं कलल्यावर सुशीताई उठली. गालावर चटईचे वळ. "बाबा कुठाय?" मी वर बोट केलं. ती अंगणात आली. "बाबा, खाली ये. चहा ठेवलाय."

कठड्यावरून भाजून लाल झालेलं तोंड दिसलं. "उठलीस कशाला गं? पंखा थांबला?"

"नाय रे. झोप पुरी झाली." मग म्हणाली, "पनवेलला फोन करते आता. सांगते, आता बाळाला घेऊनच तिकडं परत येईन."

काकांनी पाठ फिरवली, डोक्यावरचा पंचा सोडला आणि आधीच स्वच्छ असलेल्या काचा पुसत बसले. खाली चहा उकळून आटत आला, तरी उतरले नाहीत.