हद्दीपलीकडचा मका आणि परत केलेले कोलाचे

"...तर सोमवारपासून हद्दीपलीकडे धान्य नेताना जो कुणी लायसन्सशिवाय सापडेल, त्याला तिथल्या तिथे ट्रकमधून उतरवणार. मोठं लायसन्स हवं. घरचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. आणि काही घेऊन चालवत असेल, तर मग..."

मग काय, ते एल्डन क्रातोखविलला कळलंच नाही. नेमकं त्याच वेळी दुकानदाराने मागच्या बाजूला पोती वर चढवायचं यंत्र सुरू केलं आणि पुढचं सगळं त्या खडखडाटात गेलं.

एल्डन दोन फळ्यांपलीकडे, उंदरांच्या सापळ्यांसमोर उभा होता. चार पावलं पुढे होऊन "काय म्हणालात?" असं विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बोलणारे दोघेही शेतकरी, त्याला रोज ट्रक हाकताना बघणारे. आपल्यालाच नियम माहीत नाही हे त्यांना कशाला कळू द्यायचं? एल्डनने तीन सापळे विकत घेतले (घरात उंदीर नव्हता) आणि तो गंभीर चेहऱ्याने बाहेर पडला.

एल्डन काही शेतकरी नव्हे. नेब्रास्कातल्या त्या गावच्या शाळेत तीस वर्षं बॉयलर सांभाळून तो निवृत्त झाला होता. पण दर ऑक्टोबरात दोन आठवडे त्याचा रुबाब काही वेगळाच. शेजारच्या बर्नीस सूकुपचा मका कापणीला आला की ती स्वतः कापणीच्या यंत्रावर बसायची आणि तिचा दहा चाकी लाल ट्रक एल्डन चालवायचा. मका जायचा शेजारच्या कॅन्सस राज्यात. आपल्या राज्यातलं धान्याचं कोठार चाळीस मैलांवर, आणि पूल ओलांडला की परराज्यातलं अकरा मैलांवर. तिथला वजनकाट्यावरचा माणूस त्याला "काय ड्रायव्हर!" अशी हाक मारायचा. उरलेले पन्नास आठवडे एल्डनला कुणी काहीच म्हणत नसे. बायको, लवोन, तेवढी दिवसातून पाच-सहा वेळा "एल्डन, जरा बाजूला हो" म्हणायची.

मोठं, म्हणजे जड गाड्यांचं लायसन्स त्याने कधीकाळी काढायचा प्रयत्न केला होता. ट्रक मागे घेण्याच्या परीक्षेत त्याने रांगेत मांडलेले सगळे रबरी शंकू आडवे केले, आणि शंकू संपल्यावर परीक्षकाच्या गाडीचा आरसा पाडला. तेव्हापासून तो विषय घरात निघत नसे.

आता राहिला 'काही घेण्याचा' प्रश्न. एल्डन बर्नीसकडून पैसे घेत नसे, पण काही घेत होता हे खरं. रोज दुपारी ती ट्रकच्या खिडकीतून डबा आत द्यायची. डब्यात कोलाचे, मधोमध खसखशीचं सारण भरलेले गोल मऊ पाव. त्या गावात सगळी युरोपातल्या बोहेमियातून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं, आणि तिथे कुणी कोलाचे पुढे केले की घ्यायचे. पोट भरलेलं असलं तरी, डॉक्टरने साखर बंद केली असली तरीही. बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊसुद्धा जेवणाच्या सुटीत एकमेकांच्या बायकांचे कोलाचे मुकाट खाऊन मग पुन्हा भांडायला आत गेले होते.

बर्नीसला सरळ सांगावं, तर ती दुसरा ड्रायव्हर बघेल. ही एल्डनची भीती. वर्षातले ते दोन आठवडेही गेले, तर उरलं काय? म्हणून त्याने लायसन्सचं नाव न काढता प्रश्न सोडवायचं ठरवलं.

दुपारी शेताच्या कडेला ट्रक भरत होता. एल्डनने टोपी काढली.

"बर्नीस, सोमवारच्या आत आपल्याला एका घरचं व्हायला पाहिजे."

बर्नीसने यंत्र बंद केलं. "काय व्हायला पाहिजे?"

"एका घरचं. नुसतं कागदावर झालं तरी चालेल. मनातून काही नसलं तरी माझी हरकत नाही."

"एल्डन, मी सहासष्ट वर्षांची आहे. माझा एक गुडघा बदललाय."

"गुडघ्याचा काय संबंध? ट्रकचा संबंध आहे."

"म्हणजे तू माझ्या ट्रकसाठी..."

"मग? आणखी कशासाठी?"

"लवोनला माहीत आहे हे?"

"तिला नको सांगायला एवढ्यात. उगाच डोक्याला त्रास करून घेते ती."

चाक निखळताना वेगळा आवाज येतो, तेव्हा बर्नीस जशी यंत्राकडे बघते तशी ती एल्डनकडे बघत राहिली. मग तिने तिथली कुठलीही बाई करील तेच केलं. डबा पुढे केला. "घे. पोटात काही गेलं की बरं वाटेल."

एल्डनने दोन्ही हात मागे घेतले. "नको. यापुढे तुझं काहीच घेता यायचं नाही मला."

आणि तो ट्रक घेऊन कॅन्ससला निघून गेला.

तो परत येईपर्यंत बर्नीस लवोनच्या स्वयंपाकघरात पोचली होती. डबा तिने टेबलावर ठेवला, पण बसली नाही.

"लवोन, तुझ्या नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय. एक म्हणजे तो माझ्याशी लग्न करायचं म्हणतोय."

"अगंबाई! आणि दुसरं?"

"माझे कोलाचे परत केले त्याने."

लवोनने लाटणं खाली ठेवलं. "परत केले? एल्डनने?"

"तोंडावर. खसखशीचे."

"बस तू. आधी बस बघू." लवोनचा चेहरा उतरला. "बर्नीस, शपथ घेऊन सांगते, मी त्याला काही शिकवलेलं नाही. चर्चच्या जत्रेत माझे जर्दाळूचे आधी संपले, ते मी कुठे बोलूनसुद्धा दाखवत नाही."

"आत्ता दाखवलंस."

"ते ओघात गं. पण त्याचं काहीतरी दुखतंय. लग्नाचं एक वेळ समजू शकते मी, पण हे..."

एल्डन दारात आला तो थेट या दोघींच्या तावडीत. सापळ्यांपासून शंकूंपर्यंत सगळं पाच मिनिटांत बाहेर आलं. शेवटी लवोन म्हणाली, "एवढंच ना? उद्या गुरुवार. कोर्टाच्या इमारतीत लायसन्सवाली येते. तिघंही जाऊन विचारू."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर तू घरी बसशील. न्हाणीघराला रंग द्यायचाच आहे."

एल्डनला त्या रात्री झोप लागली नाही.

लायसन्सवाली तरुण आणि शांत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सोमवारबिमवार काही नाही. हा नियम कित्येक वर्षं आहे. ट्रक शेतावरचा ना? शेतीची नंबरपट्टी आहे?"

"आहे," बर्नीस म्हणाली.

"किती लांब जाता?"

"अकरा मैल. पण राज्य बदलतं."

"दीडशे मैलांपर्यंत राज्य बदललं तरी मोठं लायसन्स लागत नाही. मात्र चालवणारा मालक हवा, घरचा हवा, नाहीतर मालकाचा नोकर. आणि दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहायचा नाही."

"नोकर चालतो?" एल्डन खुर्चीतून उठलाच.

"मग आजपासून हा माझा नोकर," बर्नीस म्हणाली. "लग्न नको, काही नको. आणि कोलाचे?"

"शेजाऱ्याने डबा दिला तर त्याला भाडं कोण म्हणेल?"

बर्नीसने पिशवीतून डबा काढून तिच्यापुढे धरला. लायसन्सवालीने एकदा दाराकडे बघितलं, एकदा डब्याकडे. तीही तिथलीच होती. तिने एक उचलला. मग एल्डनने तीन घेतले, कालचे धरून.

"छान झालंय सारण," ती तोंड पुसत म्हणाली. "नोंदीसाठी तुमचं साधं, रोजचं लायसन्स तेवढं दाखवा."

एल्डनने ऐटीत पाकीट काढलं. तिने लायसन्स पाहिलं, उजेडात धरून पुन्हा पाहिलं.

"हे मागच्या वर्षीच्या ऑगस्टात संपलंय."

एल्डनच्या तोंडात तिसरा पाव होता, तो तसाच राहिला.

"वर्ष उलटून गेलंय, म्हणजे परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. माझ्याकडची पुढची तारीख नोव्हेंबरातली आहे."

म्हणजे सोमवारची गोष्ट खोटी निघाली, मोठ्या लायसन्सची अर्धीमुर्धी निघाली, पण लायसन्स नसलेल्याला ट्रकमधून उतरवणार हे मात्र तंतोतंत खरं ठरलं.

बर्नीस लवोनकडे वळली. "तुझं कधी संपतंय गं?"

"अजून चार वर्षं आहेत. बापाच्या शेतावर चौदाव्या वर्षापासून ट्रक हाकलाय मी."

"मग उद्या सातला ये. तूही माझी नोकर."

दुसऱ्या दिवशी लाल ट्रक पूल ओलांडून कॅन्ससमध्ये शिरला. एल्डन शेजारच्या जागेवर बसला होता, मांडीवर डबा. काट्यावरच्या माणसाने नेहमीसारखी हाक मारली, "काय ड्रायव्हर!" एल्डनने हात वर केला. तोवर लवोनने खिडकीतून वजनाची चिठ्ठी घेतलीसुद्धा होती.

मका उतरवून झाला. ट्रक मागे घ्यायची वेळ आली. लवोनने मान वळवली.

"एल्डन, जरा बाजूला हो. आरसा दिसत नाहीये."