सरहद्दीवरच्या बाळाचं प्रकरण

या शहराला बावन्न दरवाजे होते म्हणतात. त्या दरवाजांचं काय झालं ते सरकार जाणे, पण बंद दाराआड काय चाललंय हे नुसत्या कडीवरून ओळखणारा माणूस आता एकच उरला आहे. तो मी. डिटेक्टिव्ह काकासाहेब, खडान्‌खडा डिटेक्टिव्ह एजन्सी, औरंगपुरा. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची. नाकाबद्दल बायकोचं मत वेगळं आहे, पण तिला या धंद्यातलं कळत नाही.

एजन्सीत माणसं दोन. बुद्धी मी, आणि बाकी सगळं माझा मेव्हणा गोकुळ. 'दुसरं काम मिळेपर्यंत बसतो, दाजी,' म्हणून तो आला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. आता त्याची पोरगी कॉलेजात जाते. आमचं ऑफिस साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या दुकानाच्या वर आहे. खाली मशिनी धडधडत असल्यामुळे गुप्त बोलणं ओरडून करावं लागतं. त्यामुळे फॉल लावायला आलेल्या बायकांना आमची सगळी प्रकरणं तोंडपाठ असतात. आमची जाहिरात त्याच करतात, आणि बदनामीही.

तात्यासाहेब जिना चढून आले ते सोमवारी. गावाकडे जमीन, सिडकोत घर, अंगावर कडक इस्त्री आणि चेहऱ्यावर काळजी. खुर्चीत बसून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच काहीतरी म्हणाले.

"मोठ्यानं बोला," मी ओरडलो, "इथे सगळं गुप्त राहतं!"

"माझ्या राजनंदिनीला स्थळ आलंय!" तात्यासाहेब ओरडले. "पोरगा ऋतुराज. बाप सर्जेराव, बजाजनगरात राहत्यात. पोरगं चार वर्सं झाली व्हिएतनामात हाय. बाप म्हणतो, तिकडं सेटल हाय."

"मग खटकलं काय?"

"मी इचारलं, नोकरी कंच्या कंपनीत? म्हणला, पुण्याच्या. म्हणलं, आरं, काम पुण्याचं तर ऱ्हातो कशापायी तिकडं? तर म्हणला, आवडतं."

मी गोकुळकडे पाहिलं. मराठवाड्यातला माणूस गाव सोडतो तो पाण्यामुळे, कामामुळे नाहीतर भावकीमुळे. आवडतं म्हणून गाव सोडलेला माणूस आमच्या दोघांच्याही पाहण्यात नव्हता.

तात्यासाहेबांचा आवाज खाली आला. नेमकी मशीनही थांबली होती. "पोरीचं मन बसलंय तेच्यावर. मी न्हाई म्हणलं तर चार दिस रडंल. आन व्हय म्हणलं, पुढं भलतंच निघालं, तर जलमभर रडंल. शुक्रवारी पाव्हणे शेवटचं बोलायला येणार हाईत. तुम्ही सांगाल तसं."

बापाचे डोळे पाणावले होते. मीही थोडा हललो, पण डिटेक्टिव्हनं हलायचं नसतं, म्हणून टेबलाला धरून बसलो.

ऋतुराज पंधरा दिवसांपासून सुट्टीवर घरी आलेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही वेषांतर करून बजाजनगरला गेलो. मी झालो डासांच्या अळ्या तपासणारा इन्स्पेक्टर, गोकुळ माझा शिपाई. दार ऋतुराजनंच उघडलं. चष्मा, टी-शर्ट, चेहरा सरळमार्गी. असे चेहरे मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतात.

"साहेब, टाकीत काहीच नाही," असं दबक्या आवाजात म्हणायला मी गोकुळला शिकवलं होतं. गोकुळ गच्चीवरून ओरडला, "दाजी, टाकीत कायबी न्हाई!"

ऋतुराज हसला. चहा घेऊनच जा म्हणाला. मी खोलीवरून घारीची नजर फिरवली. कोपऱ्यात बॅग उघडी पडलेली, सगळे कपडे बॅगेतच. बाजूला कपाट रिकामं.

"इथलेच का तुम्ही?" मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं.

"इथलाच," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, सध्या पाहुणाच."

बाहेर पडल्यावर मी गोकुळचा दंड धरला. "पाहिलंस? माणूस पंधरा दिवस घरी आहे आणि बॅग भरलेली! कधीही पळायची तयारी."

"मीबी सासरी गेलो तर बॅगतच ठेवतो, दाजी."

"तुझी गोष्ट वेगळी. तिथून पळावंसं तुला खरंच वाटतं."

गोकुळची बहीण माझी बायको, त्यामुळे त्याच्या सासरवाडीबद्दल मी मोकळेपणानं बोलू शकतो. स्वतःच्या सासरवाडीबद्दल मात्र बोलत नाही, कारण ती माझ्या शेजारीच चालत असते.

त्या संध्याकाळी गोकुळनं मोबाईलवर ऋतुराजचे फोटो उघडले. जगाला दाखवायलाच टाकलेले होते ते. समुद्र, सायकल, नूडल्सचा वाडगा. पण मधूनमधून, दर तीन महिन्यांनी, एकाच जागेचा फोटो पुन्हा यायचा. डोंगराळ रस्ता, मागे सरकारी दिसणारी मोठी कमान, पत्र्याची टपरी, पाठीवर बॅग घेतलेला ऋतुराज. जागा व्हिएतनाम आणि लाओसच्या सरहद्दीवरची. आणि दुसऱ्या दिवशी गडी परत समुद्राकाठी.

"तस्करी!" मी टिचकी वाजवली. "सोनं. बॅगेत."

"पर दाजी, तो सोन्याच्या बॅगंसंगट फोटो काढून साऱ्या जगाला दाखवंल व्हय?"

हा मुद्दा मीही मनात धरला होताच. मग मी हेरगिरीचा विचार केला. पण लाओसची गुपितं पळवून ती पुण्याच्या कंपनीला विकून काय मिळणार, हे मला नीट बसवता येईना. मी फोटो बोटांनी मोठा केला आणि माझ्या अंगावर काटा आला.

गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक फोटोत टपरीपुढे तीच एक बाई होती. हसरी, डोक्याला रुमाल. आणि तिच्याजवळ एक बाळ. पहिल्या फोटोत झोळीत. पुढच्यात रांगतं. त्याच्या पुढच्यात बाकाला धरून उभं. आणि शेवटच्या फोटोत ते ऋतुराजच्या कडेवर बसून त्याचा चष्मा ओढत होतं.

"गोकुळ," मी म्हणालो, "बिऱ्हाड आहे."

गोकुळनं बराच वेळ निरखून पाहिलं. "लेकराचं नाक काय ऋतुराजवर न्हाई बा."

"नाक आईवर गेलंय. चष्मा ओढतंय तो बघ. बापाच्या चष्म्यावर पोराचा पहिला हक्क असतो."

त्या रात्री मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोनं दोनदा विचारलं, काय हरवलंय का म्हणून.

शुक्रवारी तात्यासाहेबांच्या हॉलमध्ये सगळे जमले. सोफ्यावर सर्जेराव आणि ऋतुराज. समोर तात्यासाहेब. आतल्या दाराशी राजनंदिनी. सुरेख मुलगी, पण रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. मी मधोमध उभा, आणि खिडकीशी गोकुळ, कोणी पळालंच तर अडवायला. तेवढ्यात हातात कापडी पिशवी घेऊन एक वयस्क बाई चप्पल घालायला लागल्या.

"थांबा!" मी गरजलो. "खुलासा होईपर्यंत कोणीही घराबाहेर जायचं नाही!"

"आरं बाबा, माझी वेरूळची यष्टी जाईल की," त्या म्हणाल्या.

"ही सरू, माझी थोरली बहीण," तात्यासाहेब म्हणाले. "मालक गेल्यापसून हिथंच असती. आज नणंदेकडं चाललीय. बस गं जरा."

सरूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी घसा साफ केला आणि येरझाऱ्या घालत सुरुवात केली. डासांच्या इन्स्पेक्टरला पाहून ऋतुराज अर्धवट उठला होता, त्याला मी हातानंच बसवलं. रिकामं कपाट सांगितलं, भरलेली बॅग सांगितली. दर तीन महिन्यांनी सरहद्द, एक रात्र मुक्काम, परत. मग मोबाईल टीव्हीला जोडून एकेक फोटो दाखवला. बाळ झोळीत. बाळ रांगतं. बाळ उभं. बाळ कडेवर.

"दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं," मी म्हणालो, "पण इथे तर दिसतंय तसंच आहे. या गृहस्थांचं लाओसात बिऱ्हाड आहे!"

सर्जेराव ताडकन उठले. "तोंड सांभाळून बोला! माझं पोरगं तसलं न्हाई!" तात्यासाहेब कपाळ धरून बसले. ऋतुराज "अहो, पण..." एवढंच तिसऱ्यांदा म्हणाला. मी राजनंदिनीकडे पाहिलं आणि चूक केली असं वाटलं. ती रडत नव्हती. टीव्हीवरच्या त्या बाळाकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाईट वाटलं. बरोबर असल्याचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

"किती दिसांनी जातं म्हणलास पोरगं?" सरूबाईंनी मध्येच विचारलं.

"दर तीन महिन्यांनी."

"संगं पिशवी?"

"हो, भलीमोठी."

"रातभर ऱ्हाऊन वापस?"

"अगदी बरोबर, बाई. बायकोला भेटून..."

"कशाची बायको आन कशाचं काय! वेस वलांडतंय ते!" सरूबाई म्हणाल्या. "मी सव्वा महिन्याला काय करते मंग? दिलेली लेक माहेरात सव्वा महिन्याच्या वर सलग ऱ्हाईली तर दोन्ही घरांला दोष लागतो, आसं आमचे वडील, दादा म्हणायचे. वेस वलांडायची, दुसऱ्या गावचं पाणी प्यायचं, रात काढायची आन परत यायचं. मंग दिस नव्यानं मोजायचे. तेच्या तिकडं तीन महिन्याचा रिवाज आसंल."

ऋतुराजनं दोन्ही हात जोडले.

"आत्या, अगदी तेच," तो म्हणाला. "पुण्याचं काम लॅपटॉपवर चालतं, पण माझा व्हिसा टुरिस्टचा आहे. तीन महिन्यांचा. संपायच्या आत देशाबाहेर पडायचं, नवा घ्यायचा आणि परत आत यायचं. त्या टपरीवर माझ्यासारखे सगळ्या देशांचे लोक बॅगा घेऊन बसलेले असतात. ती बाई सूप विकते. तिचा नवरा बस चालवतो, त्याच्याच बसनं आम्ही येतो-जातो. ते पोर मला बघून हसतं, म्हणून फोटो काढतो. चार वर्षांत तिकडे मला ओळखणारं असं तेवढंच एक आहे."

गोकुळ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "नाक म्हणलो हुतो मी, दाजी."

"मंग सेटल कशाला म्हणलात?" तात्यासाहेबांनी सर्जेरावांना विचारलं.

सर्जेराव खाली बसले. "काय म्हणावं मंग? पोरगं चार वर्सं फिरायला गेलंय? आसं बायोडाटात घातलं तर कोन पोरगी देईल, तात्यासाहेब?"

सरूबाईंचं लक्ष ऋतुराजवरच होतं. "वेशीवर काय इचारत्यात रं तुला?"

"किती दिवस राहणार, असं विचारतात." तो चष्मा पुसू लागला. "मी सांगतो, फिरून जाणार. दर वेळी हसत हसत तेच खोटं सांगतो. मग घर घेतलं नाही, कपाट घेतलं नाही. इथे आईच्या घरी आलो तरी कपडे बॅगेतून काढायचं सुचत नाही."

"तुला निदान कोन इचारतं तरी," सरूबाई म्हणाल्या. "मला तर हिथं कुनीच इचारत न्हाई. मीच आपली आलं-गेलं माणूस भेटलं की सांगते, चार दिस ऱ्हाऊन जाईन. धा-अकरा वर्सं झाली सांगतीय."

तात्यासाहेबांनी मान वर केली. "सरू, मला वाटायचं तुला नणंदेची वढ हाय."

"तिची? तोंडाळ मेली. पान्याचा तांब्या आपटून देती."

"मंग दादा जाऊन येवढी वर्सं झाली, मला कधी बोलली का न्हाईस?"

"तू कधी ऱ्हा म्हणलास व्हय?"

तात्यासाहेब म्हणजे मोठा माणूस, गावात शब्द चालतो, पण लहान भावासारखा खाली बघत राहिला.

तेव्हा राजनंदिनी पुढे आली. "मला तुम्ही आवडता," ती ऋतुराजला म्हणाली, "हे मी सगळ्यांच्या समोर सांगते. पण मी बॅग घेऊन सरहद्दीवर उभी राहणार नाही. आत्याचं पाहिलंय मी. जिथे 'किती दिवस' म्हटल्यावर खरं सांगता येईल तिथेच घर करायचं. पुण्यात करा, इथे करा, नाहीतर तिकडेच, पण रीतसर परवाना काढून. तोवर मी थांबते."

"परवाना मागायचीच भीती वाटते," ऋतुराज म्हणाला. "मागितला आणि नाही म्हणाले तर? फिरायला आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही."

"तुम्ही नाही म्हणाल याची भीती मला पण वाटली नसेल का? तरी विचारलंच ना आत्ता."

ऋतुराजनं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. "मागतो," तो म्हणाला. "नाही म्हणाले तर पुण्यात घर बघतो."

तात्यासाहेबांनी डोळे पुसले आणि बहिणीकडे वळले. "सरू, आजची यष्टी जाऊ दे."

"आन दिस?"

"आता कुनी मोजायचे न्हाईत."

सरूबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. उठल्या आणि आत स्वयंपाकघरात गेल्या. मग तात्यासाहेबांची नजर माझ्यावर आली. त्या नजरेत कौतुक शोधायचा मी प्रयत्न केला.

"काकासाहेब," ते म्हणाले, "तुम्ही आजून किती येळ बसणार हाव?"

गोकुळ तर चप्पल घालून तयारच होता. मीही निघालो, एवढ्यात आतून कढईचा आवाज आला आणि पाठोपाठ सरूबाईंचा, चांगला खणखणीत.

"जायाचं न्हाई कुनी! जेवल्याबिगर जायाचं न्हाई. माझ्या घरी आलेलं पाव्हणं हाईत ते!"

मी परत बसलो. त्या घरात 'माझ्या घरी' असं सरूबाई त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाल्या. हा माझा निष्कर्ष आहे, पण तो गोकुळलाही मान्य आहे.