चौथं तिकीट

"रविवारी मी इन्स्पेक्टर नाही. रविवारी मी फक्त नवरा, बाप आणि जावई," असं लिफ्ट इन्स्पेक्टरांनी बुधवारी जेवताना जाहीर केलं. घोषणा ऐकून कुणाचाही घास अडला नाही. सासूबाईंनी मीठ मागितलं. लेकीने मीठ पुढे सरकवलं.

या थंडपणामागे इतिहास होता. तीन वर्षांत घरच्या तीन सहली झाल्या होत्या. पहिल्या सहलीत साहेबांनी आकाशपाळणा बंद करून त्याला लाल चिठ्ठी लावली. दुसऱ्या सहलीत मॉलमधला सरकता जिना बंद केला, तोही स्वतः मधल्या पायरीवर उभे असताना. तिसऱ्या सहलीत एका हॉटेलचा फिरता दरवाजा. तो तर त्यांच्या खात्याच्या अखत्यारीतही येत नव्हता. त्या दिवशी सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढावं लागलं.

"पुढच्या महिन्यात आठ दिवस समुद्रावर जायचंय," बायको ताटावरून नजर न उचलता म्हणाली. "तिकिटं मी सोमवारी काढणार. तीन काढायची की चार, ते रविवारी बघू."

"तीन काढलीस तर कोण राहणार?"

"तुम्ही एवढे शिकलेले आहात. विचार करा."

साहेबांनी मनावर घेतलं. ऑफिसच्या बुटांना ग्रीसचा वास येतो म्हणून खास नवऱ्याच्या भूमिकेसाठी नवे बूट घेतले. रविवारी सकाळी लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा आपणहून बायकोच्या हवाली केला. पाकिटात एकच ठेवली. हृदयरोगी जवळ गोळी ठेवतात, त्यात गोळी घ्यायचा हेतू असतोच असं नाही.

दिवस सुरू झाला मत्स्यालयापासून. लिफ्टमध्ये शिरताच साहेबांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. यंत्राचा आवाज ऐकताना चवड्यांवर उभं राहायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. कुठूनतरी 'कुईं' असा आवाज आला. साहेबांनी कपाळाला आठी घातली. बायकोने त्या आठीकडे पाहिलं. साहेबांनी ती मोडून तिथे हसू आणलं आणि चाळीस मिनिटं माशांकडे पाहत राहिले.

दुपारी बाग. बागेत मुलांची छोटी आगगाडी. साहेब सहज, अगदी सहज, इंजिनाजवळ गेले, टाचा उचलल्या, आणि पुन्हा तेच. कुईं.

"या शहरात तेल नावाचा पदार्थ मिळत नाही का?" ते पुटपुटले.

"काही म्हणालात?" बायकोने विचारलं.

"गवत छान राखलंय म्हणालो."

चार वाजेपर्यंत साहेबांनी दोन यंत्रं गिळली होती. सासूबाई चक्क "जावईबापू आज माणसात आहेत" असं म्हणाल्या. चौथं तिकीट जवळजवळ खिशात पडलं होतं. आता फक्त टेकडीवरचा रोपवे उरला होता.

पाळण्यात दोघंच मावत होते. बायको आणि सासूबाई पुढे गेल्या. साहेब आणि लेक खाली, मोटारीच्या खोलीच्या दारात थांबले. आत ऑपरेटर शब्दकोडं सोडवत बसला होता. पाळणा डुलत वर निघाला, सासूबाईंनी हात हलवला, साहेबांनीही हलवला. हात हलवता हलवता टाचा कधी उचलल्या गेल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

कुईं.

पुढचं सगळं अर्ध्या सेकंदात झालं. साहेबांचा हात साहेबांना न विचारता पुढे गेला आणि त्याने लाल बटण दाबलं. मोटार थांबली. पाळणाही थांबला, टेकडी आणि तलाव यांच्या बरोबर मध्ये, हवेत.

"ओ काका," ऑपरेटर म्हणाला, "बटणाला हात नाही लावायचा."

"मी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे," साहेब म्हणाले. म्हणताना त्यांना बुधवार आठवला.

ऑपरेटर उठून उभा राहिला. "मग चिठ्ठी, सर?"

पाकिटातली ती एकुलती एक निघाली. ती मोटारीला लागेपर्यंत फोन वाजला.

"पाळणा का थांबलाय?" बायकोचा आवाज.

"वीज गेली असावी."

"आईस्क्रीमच्या गाडीवरचे दिवे दिसतायत मला इथून. सगळे चालू आहेत. तुम्ही काही केलंत का?"

"मी बघतो हं," म्हणून साहेबांनी फोन ठेवला आणि ऑपरेटरकडे वळले. "सुरू करा."

"नाही करता येत, सर." ऑपरेटरने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "कलम नऊ. एका इन्स्पेक्टरने बंद केलेलं यंत्र दुसऱ्याने तपासल्याशिवाय सुरू करायचं नाही. खाली तुमचीच सही आहे."

कलम नऊ साहेबांच्या नोकरीतला अभिमानाचा क्षण होता. दुसऱ्या इन्स्पेक्टरला फोन लावला. ते सहकुटुंब सहलीला गेले होते आणि फोन बंद ठेवला होता. असेही लोक असतात.

"कलम दहा," ऑपरेटर म्हणाला. "माणसं अडकली तर पाळणा हाताने खाली आणता येतो." त्याने कोपऱ्यातलं लोखंडी चाक दाखवलं. "एक फेरा दिला की वीतभर येतो."

"आणि आहे किती लांब?"

"दीडशे मीटर."

"म्हणजे साडेसातशे फेरे," लेक म्हणाली. गणितात ती कधी इतक्या झटकन बोलली नव्हती.

साहेबांनी बाह्या सरसावल्या. फेऱ्यामागून फेरा. जोर लावायला टाच उचलावी लागे, आणि दर फेऱ्याला कुईं. "ऐकलंत?" ते धापा टाकत म्हणाले. त्यांना कुठेतरी समाधानही वाटत होतं. "आता तर बंद मोटारसुद्धा आवाज करतेय."

लेक बराच वेळ खाली पाहत होती.

"बाबा, डावा बूट काढा."

"का?"

"काढा तर."

साहेबांनी बूट काढला. फेरा दिला. खोलीत चिमणी मेल्यासारखी शांतता. दुसरा फेरा. शांतता. ऑपरेटरने बूट उचलून हाताने वाकवला.

कुईं.

मत्स्यालय, बाग, रोपवे. साहेबांना सगळा दिवस डोळ्यांपुढून सरकताना दिसला.

"मग आता मोटार सुरू करायला हरकत नाही," ते हळूच म्हणाले.

"कलम नऊ, सर."

"अहो, ते कलम माझंच आहे."

"म्हणून तर मोडवत नाही."

उरलेले सहाशे दहा फेरे साहेबांनी एका बुटावर दिले. पाळणा खाली टेकला तेव्हा शर्ट पिळून घ्यावा असा झाला होता. सासूबाई उतरल्या त्या ताज्यातवान्या. "जावईबापू, वर काय वारा होता. सव्वा तास कुणी उठवलं नाही की काही मागितलं नाही. पुढच्या वेळी अजून थोडं वर थांबवा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, एका पायातल्या मोज्याकडे पाहिलं. मग साहेबांनी भरून टेबलावर ठेवलेला बंदीचा अहवाल उचलला. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात साहेब 'तांत्रिक' लिहू शकले असते. वीस वर्षं सगळे तेच लिहीत आले होते. तिथे लिहिलं होतं: निरीक्षकाचा डावा बूट.

ती आधी गालात हसली, मग खुर्ची ओढून बसून हसली.

"चार काढते," डोळे पुसत ती म्हणाली. "हे लिहिलंत म्हणून. पण चपला घालून यायचं."

"येईन ना," साहेब म्हणाले आणि बुटासाठी हात पुढे केला.

ऑपरेटरने बूट मागे घेतला. मोटारीवरची लाल चिठ्ठी काढून त्याने ती बुटाच्या नाडीला नीट बांधली आणि बूट कपाटात ठेवून कुलूप लावलं. "बिघाड याच्यात निघाला ना, सर. आता दुसरे साहेब तपासतील तेव्हा देतो."

उजव्याबद्दल काही तक्रार नव्हती. तो घालून साहेब घरी आले.