मुंबईची मंडळी

माणगावच्या कचेरीत कारकून असलेल्या चंदरने बायकोला दर शनिवारी कुठे ना कुठे फिरायला न्यायचं ठरवलं, त्याला कारण होतं. श्रावणात केसरला मूल झालं, ते गेलेलंच झालं. सुईणीने ते फडक्यात गुंडाळलं आणि चंदरच्या बापाने मागच्या दाराने नेलं. केसरने पाहायला मागितलं, तेव्हा पाहू नये असं सगळ्यांनी सांगितलं. रडायचंही नाही, म्हणून सासूने बजावलं. रडलीस तर पुढच्याला बाधेल. केसर ऐकणारी होती. ती रडली नाही. पण त्यानंतर ती बोलायचीही जवळजवळ थांबली. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची, आणि रिकाम्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायची.

डॉक्टरने हवापालट सांगितली. चंदर कचेरीतला माणूस, त्याने कामाला हात घातला. जवळपास पाहण्यासारखं काय काय आहे याची त्याने यादी केली. पहिल्या शनिवारी तो तिला तळा गावच्या किल्ल्यावर घेऊन गेला. वर पोचेपर्यंत तो बुरुज, तटबंदी, पाण्याची टाकी यांची माहिती देत होता आणि केसर स्वतःच्या चपलांकडे बघत चढत होती. पुढच्या शनिवारी कुड्याची लेणी झाली. "कसं वाटलं?" त्याने विचारलं. "चांगली आहेत," केसर म्हणाली. ज्या आवाजात ती दूधवाल्याला आज अर्धा शेर पुरे म्हणून सांगायची, तोच आवाज होता. चंदरला रात्री झोप लागेना. तो तिच्यावर रागावला नव्हता, घाबरला होता.

कचेरीतला शिपाई नामा त्यांच्याच समाजातला. त्याने सुचवलं की साहेब, डोंगर आणि दगड काय दाखवता, समुद्र दाखवा. दिवेआगरच्या कोळीवाड्यात त्याच्या नात्यातला तुळशीराम होता. नवरा-बायको दोघंच राहत, मूलबाळ नव्हतं. बाई जरा तोंडाळ आहे, पण ताटात काही कमी पडू देणार नाही. मी निरोप धाडतो, असं नामाने सांगितलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली होती. शनिवारी दुपारी कचेरी सुटल्याबरोबर दोघं निघाली आणि धुळीने माखून दिवेआगरच्या अलीकडे बोर्लीला एस.टी.तून उतरली. थांब्यावर एक बैलगाडी उभी होती. गाडीवान खाली उतरून पुढे आला आणि मुंबईची मंडळी ना, म्हणून विचारू लागला.

चंदर म्हणाला, नाही, आम्ही माणगावहून आलो.

"मानगाववरनंच येनार," गाडीवान म्हणाला. "मुंबयवरनं यायला दुसरा रस्ता कुठं हाय? तुळशीरामकडंच जायचं ना?"

"हो."

"मंग बसा."

नामाने गाडीसुद्धा सांगून ठेवली, याचं चंदरला फार कौतुक वाटलं. गाडीवानाचं नाव सदा. चंदरने त्याला समुद्र कुठून चांगला दिसतो ते विचारलं. सदाने मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सूर्यास्त बघायला लोक कुठे बसतात, या प्रश्नालाही त्याने बैलाची शेपटी पिळण्यापलीकडे उत्तर दिलं नाही. शेवटी चंदरने संध्याकाळी ताजी मासळी मिळेल ना, अशी चौकशी केली.

"आज चूल न्हाय," सदा म्हणाला. बराच वेळ तो चंदरकडे टक लावून बघत होता. बैल आपल्या मनाने चालत होते.

सदाचाही इलाज नव्हता. तुळशीरामची बायको नीराबाई शुक्रवारपासून अत्यवस्थ होती. तिची भाची जनी मुंबईला असते, तिला तार केली होती. शनिवारी पहाटे नीराबाई गेली. भाची आली की घरी नेऊन मगच सांगायचं, वाटेत काही बोलायचं नाही, असं येसाजीने सदाला बजावून पाठवलं होतं. येसाजी कोळीवाड्यातला वडील माणूस, त्याचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. सदाने काय, कोळीवाड्यात सगळ्यांनीच जनीला ती परकरात असताना पाहिलेलं, नंतर ती इकडे फिरकली नव्हती. तिचा नवरा असला निघेल असं मात्र सदाला वाटलं नव्हतं.

तुळशीरामच्या दाराशी गर्दी दिसली तेव्हा चंदरला आधी वाटलं, आपल्याच स्वागताला लोक जमले. मग त्याला अंगणात बांबू आणि गवत दिसलं. गाडी थांबताच लोकांनी वाट करून दिली. कोणीतरी केसरच्या हातातली पिशवी घेतली, दोन बायकांनी तिला दोन्ही दंडांना धरलं आणि आत नेलं. चंदरने येसाजीला गाठलं. गैरसमज होतो आहे, असं तो म्हणाला. येसाजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की होय, सगळं अचानक झालं, आता काही बोलू नका.

आत नीराबाईला हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर कुंकू लावून निजवलं होतं. भोवती पंधरावीस बायका बसल्या होत्या आणि एकीच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. कोळीवाड्यात एकही घर असं नव्हतं की ज्याच्याशी नीराबाईचं भांडण झालं नव्हतं. वाळत घातलेल्या सुकटीवरून, विहिरीच्या पाळीवरून, कोंबड्यांवरून. शेजारची सखुबाई तर अकरा वर्षं तिच्याशी बोललेली नव्हती. बायका रीत म्हणून आल्या होत्या, रीत म्हणून पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि सकाळपासून बसून त्यांची कंबर दुखत होती. कुणी न रडता मयत घराबाहेर जाणं ही फार नामुष्कीची गोष्ट. तुळशीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि बायकांच्या तोंडाकडे एकेक करून बघत होता.

केसरला पुढे बसवलं. तिला काही कळत नव्हतं. सखुबाईने वाकून नीराबाईच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"बघून घे बाय," ती म्हणाली. "नंतर दिसायची न्हाय."

बाहेर चंदर येसाजीला तिसऱ्यांदा सांगत होता, "अहो, माझं ऐका तरी, आम्ही ते नाही, आम्ही..." आणि आतून आवाज आला. चंदर थांबला. तो आवाज कुणाचा, हे त्याला आधी ओळखू आलं नाही. बाईचा होता, पण पोटातून खरवडून काढल्यासारखा होता, आणि एकदा सुरू झाला तो थांबेना. मग त्याला कळलं, ती केसर आहे. त्याने वाक्य पुरं केलं नाही.

केसर त्या अनोळखी म्हातारीच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती. "मला बघू दिलं नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बायकांना वाटलं, आजारपणात मावशीची भेट झाली नाही म्हणून म्हणते. त्यांच्यातली एक रडायला लागली. मग दुसरी. सखुबाईचा मुलगा होडीबरोबर बुडाला त्याला सहा वर्षं झाली होती, तिने त्याचं नाव घेऊन हंबरडा फोडला. थोड्या वेळात घरात अशी रडारड उठली की वाटेने जाणारी माणसं थबकली. एवढी माणसं नीराबाईसाठी रडतात याचं त्यांना नवल वाटलं.

यानंतर खरं सांगायला चंदरचं तोंडच उघडेना. सूर्य खाली चालला होता. जावयाने खांदा द्यावा की देऊ नये यावर अंगणात थोडा वाद झाला. हा काही सख्खा जावई नव्हे, भाचीचा नवरा, तेव्हा चालेल, असा येसाजीने निकाल दिला. चंदर चांगला उंच होता आणि बाकीचे तिघे जेमतेम त्याच्या कानापर्यंत पोचत होते. तिरडी उचलली तशी तिचा एक कोपरा वर गेला आणि भार सगळा त्याच्यावर आला. ती सरळ राहावी म्हणून तो गुडघे वाकवून चालू लागला. मावशीच्या दुःखाने जावई पार वाकला, असं मागचे लोक बोलत होते. किनारा लागला तशी त्याच्या बुटांत वाळू भरली. दहा पावलांवर त्याचा एक गुडघा जमिनीला टेकला. तिरडी कलली आणि नीराबाईचा एक हात बाहेर येऊन त्याच्या मानेवर पडला. चंदरने आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव मोठ्याने घेतलं.

"जावयाला धरा," येसाजी म्हणाला. कोणीतरी त्याच्या तोंडावर खारं पाणी मारलं आणि खांदा बदलून घेतला.

चिता पेटली तेव्हा समोर सूर्य बुडत होता. चंदरने ज्यासाठी एवढा प्रवास केला होता तो देखावा हाच. त्याने त्याच्याकडे पाठ केली.

त्या रात्री शेजारून आलेला भात दोघं गुपचूप जेवली. केसरने दोनदा भात मागून घेतला. झोपताना चंदर कुजबुजत म्हणाला की सकाळी उठून खरं काय ते सांगायला हवं. केसर म्हणाली, "हो, सांगू." आणि तिला लगेच झोप लागली. श्रावणानंतर प्रथमच ती अशी झोपली होती, म्हणून त्याने तिला उठवलं नाही. पहाटे तो सांगायला म्हणून उठला, तर तुळशीराम राख गोळा करायला गेलेला. मग लोक भेटायला येऊ लागले आणि ज्याला त्याला मुंबईच्या भाचीला बघायचं होतं. असे दहा वाजले.

दहाच्या सुमाराला सदाची गाडी पुन्हा दारात आली. तिच्यातून एक जाडजूड बाई आणि तिचा नवरा उतरला. "मावशीला पोचवलंत का?" बाईने विचारलं, आणि एस.टी.त पोटात ढवळलं म्हणून आधी चहा टाकायला सांगितला. तीच जनी.

अंगणातली सगळी माणसं चंदरकडे बघू लागली. चंदर उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. माणगाव, नामा, निरोप, समुद्र. सांगताना त्याला स्वतःलाच ते खोटं वाटू लागलं. परक्या घरात शिरून मयताला हात लावला, खांदा दिला, म्हणजे लोकांच्या लेखी ही चेष्टा झाली. आणि कोळीवाड्यात असल्या चेष्टेला काय मिळतं, ते सदाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने बैल हाकायची पराणीही हातातून खाली ठेवली नव्हती.

"मंग ही रडली कुनासाठी?" येसाजीने विचारलं.

केसर दारात येऊन उभी राहिली होती.

"माझं मूल गेलं श्रावणात," ती म्हणाली. "मला कुणी दाखवलं नाही."

बायका खाली बघू लागल्या. तेव्हा कालपासून गप्प असलेला तुळशीराम बोलला.

"मला कालच ठावं व्हतं. जनीला ल्हानपनी पाच वर्सं हितं वाढवलीय आमी, मी तिला वळखनार न्हाय व्हय? नामाचा निरोपबी बेस्तरवारी पोचला व्हता. सरकारी मानूस येतोय म्हनून नीरा दोन घटका शिव्या घालीत व्हती."

"मग बोलला का नाहीत?" चंदरने विचारलं.

"बोललो असतो तर बाय रडायची थांबली असती." तुळशीरामने धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. "सकाळधरनं पडून व्हती नीरा. एकीच्याबी डोळ्यात थेंब न्हाय. मी बघत व्हतो."

एवढं बोलून तो उठला आणि स्वतः चहाचं आधण ठेवायला आत गेला. जनी म्हणाली, माझ्यात साखर जास्त घाला.

दुपारच्या गाडीने चंदर आणि केसर निघाली. सदा तीच पराणी घेऊन त्यांना बोर्लीला पोचवायला तयार झाला. कोळीवाड्याच्या टोकाला सखुबाई उभी होती. तिने गाडी थांबवली, सुक्या बोंबलांची एक पुडी केसरच्या मांडीवर ठेवली आणि तुमचा पत्ता कागदावर लिहून द्या, असं चंदरला सांगितलं.

चंदरने पत्ता कशाला ते विचारलं.

"माझ्या दोन सुना काल बघितल्यास नव्हं तू?" सखुबाई केसरला म्हणाली. "डोळं कोरडं ठाक. नीरीसाठी न्हाय रडल्या ते एक ठीक, पन माझ्यासाठीबी न्हाय रडायच्या. मला दम्यानं घेरलंय. यंदा न्हाय तर फुढल्या साली. येशील ना तू, बाय?"

चंदर खिशात उगाच पेन्सिल शोधत राहिला. केसरने त्याच्या वरच्या खिशातून ती काढली, पुडीच्या कागदाचा कोपरा फाडला आणि पत्ता स्वतः लिहिला.

"येईन," ती म्हणाली. "फक्त पावसात नको. पावसात एस.टी. बोर्लीपर्यंत येत नाही."

सखुबाईने तो कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला, वाचता येत नसूनही नीट पाहिला, आणि कनवटीला खोचला.

"व्हय," ती म्हणाली. "मंग मिरगाच्या आधीच बघाया पायजे."