च-१४ वरची मुलगी

नकलाकार दामू टिपरे यांना अकरा वर्षांपूर्वी वाघेरीच्या नाट्यगृहात एका हशातून मुलगी झाली होती, आणि हे त्यांना मंगळवारच्या टपालाने कळलं.

पत्र वाघेरी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाचं होतं. त्यात लिहिलं होतं, की ‘भटजींची शिंक’ या आपल्या नकलेच्या वेळी उठलेला हशा साडेचार मिनिटे टिकला, व तो ओसरल्यावर च-१४ या रिकाम्या खुर्चीत स्त्री जातीचे एक अर्भक आढळले. सबब आपण पडताळणीसाठी गुरुवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. सोबत जन्मनोंदीची नक्कलप्रत होती. आईच्या रकान्यात ‘उपस्थित प्रेक्षक, एकूण चारशे बारा’ असं होतं. वडिलांचा रकाना कोरा होता.

दामूअण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि कुमुदआक्काच्या हातात दिलं. ही त्यांची थोरली बहीण. घरात दोघंच. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. वर्षातले आठ महिने ते गावोगाव कार्यक्रम करत हिंडायचे आणि उरलेले चार महिने लोळून काढायचे.

“एकच कशी?” आक्का चष्मा पुसत म्हणाली. “तीस वर्षं लोकांना हसवतोयस.”

“बाकीचे हशे आखूड असतील.”

“हं, ते असेल बाई,” आक्का लगेच म्हणाली. अण्णांना ते जरा लागलंच.

खरं सांगायचं तर अण्णा घाबरले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी पोर गळ्यात? नको म्हणजे नको. पण पत्राच्या मागे नियम छापला होता आणि तो वाचल्यावर त्यांना हायसं वाटलं. कलाकाराने तीच नक्कल अपत्यासमोर एकदा करून दाखवावी. अपत्य हसल्यास पितृत्व सिद्ध झाले असे समजावे. न हसल्यास प्रकरण निकाली काढावे. अण्णा मनाशी म्हणाले, माणसाला हसवायला अक्कल लागते, न हसवायला काय लागतं? नक्कल पाडायची आणि दुपारच्या एसटीने घरी यायचं.

गुरुवारी ते वेळेवर पोचले. विभागात गावंडे बाई होत्या. त्यांच्यासमोर बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती आणि तिच्या शेजारी नाट्यगृहाचे रखवालदार शेवाळे. मुलीचं नाव खुशाली. ते शेवाळ्यांनीच ठेवलं होतं, तिला वाढवलंही त्यांनी आणि त्यांच्या बायकोनेच. खुशाली त्यांना मामा म्हणायची.

“पाचवीपर्यंत कुणी विचारलं नाही,” शेवाळे अण्णांना म्हणाले. “सहावीच्या प्रवेशाला वडिलांचं नाव पाहिजे म्हणतात. उद्या शेवटची तारीख.”

“मग तुमचं लावा की.”

“गेलो होतो लावायला. नाट्यगृहात सापडलेली वस्तू तिथल्या नोकराला आपल्या नावावर करता येत नाही म्हणाले. नियम छत्र्यांसाठी आहे, पण लागतो.”

“लागतो,” गावंडे बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबल सरकवून अण्णांना जागा करून दिली. “करा सुरू, टिपरे.”

नक्कल साधी होती. लग्न लागतंय, मंगलाष्टकं चालू आहेत आणि भटजींना शिंक येते. शिंकले तर मुहूर्त हुकणार, म्हणून भटजी शिंक नाकात धरून ‘सावधान’पर्यंत गातात. अण्णांनी उपरण्यासारखा रुमाल खांद्यावर टाकला, पहिलं कडवं एका सुरात म्हटलं आणि दुसऱ्याला शिंकून मोकळे झाले. नक्कल अशी काही आपटली की शेवाळ्यांनी मान खाली घातली. खुशालीने मात्र शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिलं. ती हसली नाही.

बाईंनी ‘अपत्य हसले नाही’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि त्यावर फुंकर घातली. “झालं. सुटलात तुम्ही.”

“तुम्ही मुद्दाम पाडलीत,” खुशाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. “‘सावधान’च्या आधी तुम्ही थांबता. थांबून अंतरपाटाकडे बघता. भटजी आता त्याला नाक पुसणार, हे लोकांना तेव्हा कळतं. आज बघितलंच नाहीत.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी त्या थांबण्यातच झाले.”

ते अंतरपाटाकडे बघणं गेल्या सात-आठ वर्षांत नकलेतून केव्हा गळून गेलं, अण्णांनाच ठाऊक नव्हतं. कार्यक्रम होत होते, लोक बेताचे हसत होते, कुणाला चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. आता त्यांना विलक्षण लाज वाटली. आणि लाजेपाठोपाठ ही पोरगी आपली आहे असं वाटलं, आणि ते इतकं लख्ख वाटलं की त्यांनी खांद्यावरचा रुमाल पुन्हा सारखा केला.

“बाई, मी पुन्हा करतो.”

“एकदाच, असं लिहिलंय.”

“या वेळी नीट करतो.”

“नीट आधी करायची होती. फेरपडताळणीला नव्वद दिवस लागतात.”

“अहो, पण हिची उद्या शेवटची तारीख.”

“म्हणून तर तुम्हाला आज बोलावलं होतं,” बाई म्हणाल्या.

शेवाळे उठले. त्यांनी खुशालीचे कागद पिशवीत भरायला घेतले, तेव्हा अण्णांनी पिशवीवर हात ठेवला. “मग मी तिला दत्तक घेतो,” ते म्हणाले.

गावंडे बाईंनी विचार केला. “घेता येईल. शिक्का बसायच्या आधी विचारलं असतंत तर अवघड होतं, आता ती कुणाचीच नाही. दत्तकाचे फॉर्म माझ्याकडेच असतात. दीडला बंद होतं.”

“तुला चालेल का?” अण्णांनी खुशालीला विचारलं.

“घरी कोण असतं?”

“आक्का. मी आठ महिने बाहेरच.”

“मग मी शाळेला मामांकडेच राहीन. मेमध्ये येईन तुमच्याकडे. आक्कांना विचारा आधी.”

अण्णांनी तिथूनच फोन लावला. आक्का म्हणाली, विचारतोस काय, येताना तिच्या अंगाचं माप घेऊन ये.

अण्णा फॉर्म भरायला बसले. नाव, गाव, वय झालं. नवव्या रकान्यात प्रश्न होता: सदर मुलीशी अर्जदाराचे रक्ताचे अथवा हशाचे कोणतेही नाते आहे काय?

“‘नाही’ लिहा,” बाई म्हणाल्या.

“आहे पण.”

“‘आहे’ लिहिलंत तर अर्ज बाद. स्वतःचं मूल दत्तक घेता येत नाही.”

“म्हणजे तिचा बाप व्हायचं तर मी तिचा कुणी नाही असं लिहून द्यायचं?”

“स्वच्छ अक्षरात,” बाई म्हणाल्या. “आणि खाली सही.”

अण्णांनी खुशालीकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि स्वच्छ अक्षरात ‘नाही’ असं लिहिलं.

आणि खुशाली हसली. आधी कुणी एक बाई हसावी तशी, मग तिला तीन-चार म्हातारे येऊन मिळाले, मग बाल्कनीतली टारगट पोरं, मग पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबंच्या कुटुंबं. एवढ्याशा मुलीच्या तोंडून गच्च भरलेलं नाट्यगृह हसत होतं. पाणीपट्टीच्या खिडकीपुढची रांग मागे वळून बघायला लागली. शेवाळे शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होते.

“आता काही उपयोग नाही,” गावंडे बाई मोठ्याने म्हणाल्या, कारण हळू बोललेलं ऐकू आलं नसतं. “शिक्का बसलाय.”

अण्णांनी नुसती मान हलवली. हशा चालू असताना पुढचं काही करायचं नसतं, एवढं तीस वर्षांत अंगवळणी पडलं होतं. ते पेन हातात धरून थांबले. शेवटची बाल्कनी शांत झाली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मग त्यांनी सही केली आणि पेनला टोपण लावून ते बाईंना परत दिलं.