दीडशे अमावस्या

कामशेतच्या बाजारात आबा छत्री घ्यायला गेले होते. दुकानदाराने एक जाड दांड्याची काळी छत्री उघडून दाखवली आणि म्हणाला, "ही न्या आबा. दहा वर्षं हलायची नाही."

आबांनी ती फिरवून पाहिली, मिटली आणि परत दिली.

"दहा वर्सं काय करू? मला अडीच वर्साची दाव."

दुकानदार गावात नवा होता, म्हणून हसला. आम्हा शेजाऱ्यांना सवय झाली होती. आपण कधी मरणार हे आबांना ठाऊक होतं, आणि गाडीची वेळ सांगावी तसं ते सांगत. कोणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की विचारत, "कवाचं? माघातलं व्हय? हाय मी तवर, येतो." परसात आंबा लावा म्हटलं तर म्हणत, "आंब्याला लय टाइम लागतो. पपई लावू." चांभाराला वहाण शिवायला दिली की बजावत, "एकच तळ मार. दुसरा वाया जाईल."

आबांनी तीस वर्षं आंदर मावळात पायी टपाल वाटलं. पेन्शनीत निघाले तरी सगळे त्यांना टपालआबाच म्हणत. त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. वडील तांदळाच्या बाजारात मापाडी. पुण्याहून सुट्टीला आलो की आबा ओट्यावरून हाक मारत, "काय कालिजवाले, नवं काय शिकवलं?" मी सांगू लागलो की ते नीट ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "आनि हे आदी कुनाला ठावं न्हवतं?"

मरणाची तारीख त्यांना मिळाली ती कार्ल्याला, एकवीरेच्या जत्रेत. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. आबा आणि सगुणामावशी, म्हणजे त्यांची बायको, दर्शनाला गेले होते. पायथ्याशी एक कुडमुड्या जोशी हात बघत बसला होता. त्याने सांगितलं म्हणे, "आजपासून दीडशे अमावस्या. पुढं काही दिसत नाही." घरी येताच आबांनी चुना कालवला, आणि त्या महिन्यापासून दर अमावस्येला माजघराच्या काळ्या तुळईवर बोटाने एक ठिपका लावायला सुरुवात केली. आलेला पाहुणा विचारी, "ही नक्षी कसली?" आबा कौतुकाने सांगत, "माजी हाय."

मरणाऱ्या माणसाचं मन मोडू नये, या गोष्टीचा आबांनी पुरेपूर फायदा घेतला. आमच्याकडे बायका पुरुषांची पंगत उठल्यावर जेवतात. आबांनी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं, "मी जानारा मानूस. माज्या शेजारी पान मांडून बस, न्हाईतर मी जेवत न्हाई." मावशी आठ दिवस लाजेने अर्धपोटी राहिल्या, मग बसू लागल्या. विहिरीचं पाणी आबा स्वतः आणू लागले. पोस्टाच्या खाकी कोटात, खांद्यावर हंडा घेतलेला पुरुष पाहून पाणवठ्यावरच्या बायका पदराआड हसत. "हसा," आबा म्हणत. "जानाऱ्यानं पुण्य करावं."

एकदा त्यांनी हट्ट धरला की मरायच्या आधी समुद्र बघायचाय, आणि एकट्याला करमत नाही, तेव्हा बायकोही बरोबर पाहिजे. दोघं मुंबईला जाऊन आली. मावशी पुढे वर्षभर ते सांगत होत्या. "म्या गुडघाभर पान्यात गेले. आनि हे? ह्यांला पान्याचं भ्या! समुद्राकडं पाठ करून वाळूत बसलं हुतं, माजी चप्पल राखीत."

येईल त्याला आबा एक प्रश्न विचारत. विचारण्याची ढबही टपालवाल्याचीच. "तुला तुजी तारीख आली तर घेशील का, माघारी धाडशील?"

आमचे वडील म्हणाले, "घेईन. पण आदल्या दिवशी यावी. बाजारात बदली मानूस द्यावा लागतो."

आई म्हणाली, "नगं बाई! मग कैरीचं लोनचं घालायला हात तरी उठंल का?"

कोपऱ्यावरचे इब्राहिमचाचा शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाले, "ती तारीख अल्लाच्या खिशातली, आबा. आपण त्यात हात घालू नये. आणि मला कळली, तर ईदचे कपडे कोण शिवणार? मी मशीनला हातच लावणार नाही."

"म्हनूनच कळाया पायजे," आबा म्हणाले. "म्हंजी तू बायकोला घिऊन फिरायला तरी जाशील."

मला विचारलं तेव्हा मी इंटरला होतो. मी बराच विचार करून म्हणालो, "आबा, या प्रश्नाला दोन बाजू आहेत."

"दोन बाजू भाकरीला असत्यात. तू तुजं सांग."

मला सांगता आलं नाही. खरं म्हणजे अजूनही येत नाही.

पण याच आबांची दुसरी एक गोष्ट मी बाजारात ऐकली होती. मरणाची बातमी लिहिलेल्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत आहे, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही हातात घेताच कळतं. आंदर मावळातल्या एका बाईचा भाऊ वारल्याचं असं कार्ड आबा घेऊन गेले, तेव्हा ती भाताची लावणी करत होती. तिच्या दिराने सांगितलं, "आबांनी कार्ड मुंडाशात खवलं आनि बांधावर बसलं. म्हनलं, 'हितनं चाललो हुतो, पाय दुखलं.' सगळं खाचर लावून हुईस्तवर बसलं. मग तिला भाकर खायला लावली, हात धुवायला लावलं, आनि मग कार्ड काडलं."

मी आबांना म्हणालो, "तुम्ही तर म्हणता, आधी कळलेलं बरं."

ते थोडे वरमले. "आपलं आपुन घ्यायचं ते सोपं रं. दुसऱ्याच्या हातात ठेवायचं म्हंजी येगळं."

त्या वर्षी वैशाखात परीक्षा देऊन घरी आलो, तेव्हा तुळईवर एकशे एकोणपन्नास ठिपके झाले होते. दुसऱ्याच दिवशी आबांनी मला आत बोलावलं. मावशी मागच्या अंगणात कुरडया घालत होत्या. आबांच्या हातात पंचांग होतं.

"तुजं गनित कसं हाय?"

"बरं आहे."

"बरं नगं. पक्कं पायजे."

प्रश्न धोंड्याच्या महिन्याचा होता. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्यात जावयाला जेवायला बोलावतात, पण लग्नं-मुंजी करत नाहीत. बारा वर्षांत असे चार महिने येऊन गेले होते आणि आबांनी त्यांच्या अमावस्याही धरल्या होत्या.

"ज्या म्हैन्यात लगीन लागत न्हाई," आबा म्हणाले, "तो म्हैना यमानं तरी का धरावा?"

मला आनंद झाला. ज्याचं उत्तर मला येत होतं असा प्रश्न आबांनी पहिल्यांदाच विचारला होता. मी वहीच्या पानावर पृथ्वी काढली, तिच्याभोवती चंद्र काढला. म्हणालो, "आबा, चंद्राला अधिक महिना माहीत नाही. अमावस्या ती अमावस्या. दीडशे म्हणजे दीडशे."

"म्हंजी ह्याच अमुशेला?"

"हो. बारा दिवस राहिले."

मी वहीतून वर पाहिलं. आबांचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी नको ते बोललो. "पण तुम्हीच तर म्हणता ना, कळलेलं बरं?"

आबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "माजं असतं तर तुला इचारलं असतं व्हय?"

मला कळेना.

"त्या जोश्यानं हात तिचा बगितला हुता," आबा म्हणाले. "मग ती बाजूला बांगड्या भरायला गेली. त्यानं मला जवळ बोलवून सांगितलं. ती आली हातभर बांगड्या वाजवीत, आनि म्हनली, 'काय म्हनला वो जोशी?' माज्या तोंडातनं निघून गेलं, माजं बोलला."

बाहेर मावशी कावळ्याला हाकलत होत्या. मला शेजारी मांडलेली दोन पानं आठवली. विहिरीचा हंडा आठवला. पाण्याला भिणारा माणूस समुद्राला पाठ करून चप्पल राखत बसलेला दिसला.

"बारा वर्सं तिचं कार्ड मुंडाशात घिऊन हिंडतोय," आबा म्हणाले. "आता तरी द्याया नगं का? तिला कुनाला भेटायचं असंल, काय बोलायचं असंल. रोज मागच्या दारापातूर जातो आनि माघारी येतो. तू शिकलेला हाईस. सांग, देऊ का?"

मला जे शिकवलं होतं त्यात हे नव्हतं. मी पंचांग त्यांच्या हातातून घेतलं, उगाच चार पानं उलटली आणि वहीच्या पानावरचा चंद्र खोडला.

"आबा, माझी चूक झाली. मी आकाशाचं गणित सांगितलं. हे शास्त्राचं आहे. शास्त्रात धोंड्याचा महिना धरत नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

शास्त्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तीस वर्षं लोकांना पत्रं वाचून दाखवलेला माणूस. माझा चेहरा वाचायला त्यांना किती वेळ लागणार? पण ते उठले, अंगठा ओला केला आणि तुळईवरचे शेवटचे चार ठिपके पुसून टाकले.

"काय चाललंय वो?" मावशींनी बाहेरून विचारलं.

"काय न्हाई. गनित चुकलं हुतं. चार म्हैने आनखी छळनार तुला."

"छळा की," मावशी म्हणाल्या.

वैशाखाची अमावस्या आली. दिवसभर मी काही ना काही निमित्ताने त्यांच्या घरी डोकावत होतो. मावशींनी मला तिसऱ्यांदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आरं, घरात जेवायला घालत न्हाईत का तुला?" त्यांनी फणस फोडला, दोघांनाही वाढला आणि स्वतः भरपूर खाल्ला. दिवस मावळला. आबांनी ठिपका लावला. आणखी काही झालं नाही.

नव्या गणिताने दीडशेवी अमावस्या भाद्रपदात येत होती, नेमकी सर्वपित्रीला. गणपतीच्या सुट्टीत मी घरी आलो, तेव्हा आबा पंचांग घेऊन आत बोलावतील असं वाटत होतं. त्यांच्याआधी मावशी आल्या. आबा बाजारात गेलेले पाहून, वाटीत मोदक झाकून, आमच्या ओट्यावर.

"ह्यांला सांगू नगंस मी आले म्हून," त्या म्हणाल्या. "ते ठिपके तूच पुसायला लावलंस न्हवं?"

मी मान डोलावली.

"मला गनितातलं काय कळत न्हाई. पर बारा वर्सं शेजारी बसून जेवायची सवं झालीया. एकटीला घास उतरायचा न्हाई आता." त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. "पंचांगात आनखी काय निघतंय का बग की. तुमी शिकल्याली पोरं."

मी एक मोदक उचलला. मग म्हणालो, "मावशी, ग्रहण लागलेला महिनाही धरत नाहीत."

असा नियम कुठेही नाही. तो मी तिथल्या तिथे केला.

"खरं?" त्यांचा चेहरा उजळला. "किती निघतील?"

"बारा वर्षांची जुनी पंचांगं बघावी लागतील. बरेच निघतील, पण मोजायला वेळ लागेल."

मावशींनी सुटकेचा श्वास टाकला, ओट्याच्या कडेला ऐसपैस बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

"मग मोज सावकाश," त्या म्हणाल्या. "मला काय घाई न्हाई."