तिसऱ्या दर्जाची हळद

"अर्ध्या तासात माड आडवा! नगरपरिषदेत आपली वट हाय!" बुधाजीनं मांडवात उभं राहून जाहीर केलं आणि मिशीवरून हात फिरवला.

त्याच्या पोरीची, कल्पिताची, संध्याकाळी हळद. मागे चुलीवर मटणाचे टोप रटरटतायत आणि बरोबर मांडवाच्या डोक्यावर, परवाच्या वाऱ्यात कलंडलेला माड! असा वाकलेला, जसा काय नवरीच्या कानात काहीतरी सांगायला आलाय. जो पाहुणा वर बघायचा तो चहाचा कप घेऊन सरळ रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा. असंच चाललं तर हळद लावायला मांडवात कुत्रंसुद्धा येणार नाही, हे कल्पिताला साफ दिसत होतं.

बुधाजीनं नगरपरिषदेच्या आपत्ती कक्षाला फोन लावला. स्पीकरवर! लोकांनी ऐकायला नको?

"माड पडलाय का?" पलीकडची बाई.

"न्हाय. पडंल."

"मग पडल्यावर फोन करा."

"पडल्यावर फोन करायला मी राहीन का, ताई?"

"दुसरं कोणीतरी करेल ना."

रस्त्यापलीकडचे पाहुणे खो खो हसले. बुधाजी लालबुंद! कल्पितानं त्याच्या हातातून फोन ओढला. शाळेत ती एवढे प्रश्न विचारायची की मास्तर घंटेकडे डोळे लावून बसायचे.

"ताई, झाड पडलेलं असलं तर काय करता तुम्ही?"

"पहिला दर्जा. वॉर्डातली माणसं करवत घेऊन येतात. उद्यापर्यंत."

"आणि खाली माणूस सापडला तर?"

"दुसरा दर्जा. अग्निशमनची गाडी, लगेच."

"आणि तिसरा?"

"शंभराच्या वर माणसं हलवायला लागली तर. मग जिल्ह्याचं पथक येतं. तुमचं वाकलेलं झाड यात कुठंच बसत नाही. ते उद्यान विभागाकडे. सोमवारी!"

फोन बंद. पण बुधाजीच्या डोक्यात दिवा पेटला. "भिकू! आडवा हो!"

भिकू म्हणजे कल्पिताचा मामा. वाडीत माडाचा जुना ओंडका होता, तो चौघांनी उचलून मामाच्या पायांवर ठेवला.

"हळू रे मेल्यांनो! खरंच मोडाल!"

"बाबा," कल्पिता म्हणाली, "गाडीवाले ओंडका उचलून जातील. वरच्या माडाला कशाला हात लावतील?"

"तू नवरी हायस. गप बस!" म्हणत बुधाजीनं परत फोन लावला. "पडला! माणूस सापडला!"

गाडी आली ती बोंबलतच. जवानांनी ओंडका उचलला, मामाला स्ट्रेचरवर बांधला.

"मना काय झाला न्हाय!" मामा ओरडतोय.

"डोक्याला मार लागलेले असंच बोलतात," म्हणत त्याला नेलासुद्धा!

"आणि हा?" बुधाजीनं वर बोट दाखवलं. अग्निशमनच्या साहेबानं वर बघितलं आणि पटकन दोन पावलं मागं सरला.

"हा पडलेला नाही. पण दुसऱ्या दर्जात परिसर रिकामा करावा लागतो. चला, सगळे बाहेर!"

मांडवाला चारी बाजूंनी धोक्याची पट्टी लागली. मटण आत, माणसं बाहेर! सगळ्यांना नगरपरिषदेच्या सभागृहात नेऊन बसवलं आणि जेवायला काय? खिचडी!

"हळदीला खिचडी?" कल्पिताची आई, कृष्णाबाई, भिंतीला टेकली. "पोरीच्या सासरची आता तोंडावर थुकतील!"

त्यात हळद म्हणजे अख्खं गाव येणार. पाहुणे मांडवाकडे जायचे, तिथून सभागृहात हाकलले जायचे. दारावरचा कर्मचारी डोकी मोजत होता. शंभरावर गेली आणि त्यानं कपाळाला हात लावला. तिसरा दर्जा!

जिल्ह्याचं पथक आलं. नारिंगी जॅकेटं, हेल्मेटं आणि ट्रकवर भलीमोठी रबरी बोट.

"पाणी कुठाय?" पथकाच्या प्रमुखानं विचारलं.

"पाणी न्हाय, माड हाय," बुधाजी म्हणाला.

"आमच्याकडं बोट हाय."

कल्पिता पुढे झाली.

"दादा, पट्टीच्या आत कोण जाऊ शकतं?"

"आता फक्त आम्ही."

"मग आत मटणाचे टोप अडकलेत. गरम हायत."

प्रमुखाच्या नाकपुड्या हलल्या. "किती वेळ झाला अडकून?"

मग जी वरात निघाली! पुढे बेंजोवाले, मागे खांद्यावर बोट, बोटीत गोणपाटावर टोप, आणि टोपांना आधार देत हेल्मेटवाले. सभागृहात शिट्ट्यांचा पाऊस पडला. सासूबाईंनी कल्पिताला कानापर्यंत हळद फासली. "बघितली आपली वट?" बुधाजी ज्याला त्याला सांगत सुटला.

पहिल्या पंगतीला जिल्ह्याचं पथक बसलं. त्यांनी बचावकार्य केलेलं, नाही कसं म्हणणार! दुसऱ्या पंगतीला अग्निशमनवाले आणि सासरची माणसं. तिसऱ्या पंगतीला नगरपरिषद, फोनवरच्या बाईंसकट. चौथ्या पंगतीला नवरी बसली, तेव्हा वाढप्यानं टोपाच्या तळाला पळी खरवडली आणि मान हलवली.

"मटण संपला गं बाय. खिचडी वाढू?"

सकाळपासून उपाशी कल्पितानं ताट पुढं केलं.

"वाढ. लोणचं तरी हाय का?"